नामिबियात स्वतः गाडी चालवायची तर: वाळू, खडी आणि पाणवठे

नकाशावर ३५० किलोमीटरचं अंतर दिसतं. मुंबई-कोल्हापूर एवढंच तर आहे, असं म्हणून माणूस निर्धास्त होतो. नामिबियात सहलीची आखणी बहुतेक वेळा इथेच फसते. हा देश महाराष्ट्राच्या अडीच पटींहून मोठा आणि लोकसंख्या जेमतेम ३० लाख. वाहतूक कोंडी नाही, टोलनाका नाही, पण वाळवंटाकडे जाणारे बहुतेक रस्ते खडीचे आहेत. त्यावर सरासरी वेग ताशी ६०-६५च्या पुढे धरायचा नसतो. शिवाय सूर्य मावळायच्या आत मुक्कामी पोचायचंच असतं. त्यामुळे इथे किलोमीटर बाजूला ठेवायचे आणि उजेडाचे तास मोजायचे. जूनमध्ये राजधानी विंडहुकला साधारण साडेसातला उजाडतं आणि सव्वासहाला मावळतं. न्याहारी, आवराआवर, वाटेतले थांबे वजा केले तर गाडी चालवायला खरे सहा तास उरतात. पुढचं सगळं गणित या सहा तासांवर बसवायचं.

आपल्यासाठी सोयीची गोष्ट म्हणजे इथेही गाडी डावीकडून चालते आणि स्टिअरिंग उजवीकडे असतं. पहिल्याच दिवशी चौकात गोंधळ उडण्याचा प्रश्न येत नाही.

कधी जायचं

जून ते ऑक्टोबर हा कोरडा हंगाम. रानातलं पाणी आटतं, झुडपांची पानं झडतात आणि जनावरांना ठरावीक पाणवठ्यांवर यावंच लागतं, म्हणून ती दिसतात. जुलैत वाळवंटातल्या रात्री पारा शून्याजवळ जातो. गाडीच्या टपावरच्या तंबूत झोपणार असाल तर चांगली स्लीपिंग बॅग आणि कानटोपी घ्याच. ऑक्टोबरात दुपारी ३५ अंशांच्या वर ऊन असतं, पण पाणवठ्यांवर अक्षरशः जत्रा भरते. दिवाळीच्या सुट्टीत जाणाऱ्यांनी उकाडा सोसायची तयारी ठेवली तर प्राणी भरपूर दिसतात.

मे महिना मात्र आपल्याकडे कुणी फारसा विचारात घेत नाही. शाळांना सुट्टी असते, तिकडे पाऊस नुकताच संपलेला असतो, हवा गार आणि स्वच्छ, गर्दी कमी. प्राणी थोडे विखुरलेले असतात एवढंच. जानेवारी ते मार्च नवख्यांनी टाळावं. कोरड्या नद्यांना अचानक लोंढे येतात आणि खडीचे रस्ते तुटतात.

कागदपत्रं

व्हिसाचे नियम १ एप्रिल २०२५पासून बऱ्याच देशांसाठी बदलले आहेत. जुन्या प्रवासवर्णनातली माहिती धरून चालू नका, सरकारी संकेतस्थळावरच पाहा. जोहान्सबर्गमार्गे जात असाल तर पूर्ण प्रवास एकाच तिकिटावर घ्या. दोन वेगळी तिकिटं असली की सामान घेण्यासाठी बाहेर यावं लागतं आणि त्यासाठी दक्षिण आफ्रिकेचा व्हिसा लागतो. अदिस अबाबा किंवा नैरोबीमार्गे जात असाल तर पीतज्वराची लस निघण्याआधी किमान दहा दिवस घ्या आणि पिवळं कार्ड पासपोर्टला लावून ठेवा. भारतात परततानाही ते विचारलं जाऊ शकतं.

गाडी चालवण्यासाठी आंतरराष्ट्रीय परवाना आरटीओतून मिळतो. सारथी पोर्टलवर ४ए फॉर्म भरायचा, शुल्क १००० रुपये, मुदत एक वर्ष. हा परवाना एकटा चालत नाही, मूळ लायसन्सही जवळ हवं. जितके जण चालवणार तितक्यांचे परवाने काढा आणि सगळ्यांची नावं भाडेकरारात घाला. नाव नसलेल्या माणसाच्या हातून गाडी ठोकली गेली तर विमा गेलाच समजा.

क्रेडिट कार्ड मुख्य चालकाच्या नावाचंच लागतं. कंपनी त्यावर अनामत अडकवून ठेवते आणि ती रक्कम बरीच मोठी असते. निघण्याआधी बँकेच्या अ‍ॅपवर परदेशी व्यवहार सुरू करा, मर्यादा वाढवा. डेबिट कार्ड पुढे केलं की काउंटरवरच सहल अडते. नामिबियन डॉलर आणि दक्षिण आफ्रिकेचा रँड यांचं मोल सारखं आणि नामिबियात दोन्ही चालतात. उलट मात्र नाही, म्हणून उरलेले नामिबियन डॉलर देश सोडण्याआधी संपवा.

गाडी कोणती

दोघं असाल, लॉजवर राहणार असाल आणि खाली सांगितलेल्या मार्गानेच जाणार असाल तर डस्टरसारखी उंच गाडी पुरते. तंबूत राहायचं असेल किंवा चौघं असाल तर हायलक्ससारखी डबल कॅब फोर बाय फोर घ्या. या मार्गावर फोर बाय फोरची सक्ती फक्त सोसुसफ्लेईच्या, म्हणजे वाळूच्या टेकड्यांकडच्या, शेवटच्या पाच किलोमीटरला आहे, आणि त्यालाही पर्याय आहे. छोटी हॅचबॅक नको. खडीवरचे दगड तिच्या पोटाला लागतात.

विम्याची छोटी अक्षरं इथे खरोखर वाचायला हवीत. ‘पूर्ण विमा’ म्हणून जे विकतात त्यात बऱ्याचदा टायर, काच, गाडीचा तळ आणि वाळूच्या वादळाने उडालेला रंग बसत नाही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे दुसरी कुठलीही गाडी नसताना आपली एकटी गाडी घसरून उलटली तर काय, हे विचारा. परदेशी पर्यटकांचे नेमके तसेच अपघात होतात. समोरून कुणी येऊन धडकायला रस्त्यावर असतंच कोण? टायर आणि काच यांचं वेगळं संरक्षण मिळत असेल तर ते घ्या. तिथे पैसे वाचवू नका.

गाडी ताब्यात घेताना

याला तासभर द्या. कंपनीचा माणूस भराभर दाखवून किल्ली हातात ठेवतो आणि आपण विमानप्रवासाने थकलेले असल्याने मान डोलावतो. तसं करू नका. त्याच्या अंगणातच खालच्या गोष्टी स्वतःच्या हाताने करून पाहा.

१. स्टेपनी दोन हव्यात. दोन्हींची हवा मोजा, नक्षी पाहा. हायलक्सची एक स्टेपनी मागच्या हौद्याखाली साखळीला टांगलेली असते आणि लांब दांडा एका भोकात घालून, फिरवून ती खाली उतरवावी लागते. ती एकदा उतरवून परत चढवा. हे भोक धुळीने बुजलेलं असतं, आणि ते कुठे आहे हे रानात शोधत बसण्यात अर्धा तास जातो.

२. जॅक कुठे आहे, त्याखाली ठेवायची फळी आहे का, पाना नटाला नीट बसतो का ते पाहा. एक नट सैल करून परत आवळा. मागच्या वेळी कुणी यंत्राने आवळलेले नट हाताच्या पान्याला हलत नाहीत, आणि ते इथेच कळलेलं बरं.

३. हवा भरायचा कॉम्प्रेसर इंजिन चालू ठेवून जोडा आणि एका टायरमध्ये खरंच हवा जाते का पाहा. हवा मोजायचा गेज वेगळा मागून घ्या.

४. फ्रिज दुसऱ्या बॅटरीवर चालतो. गाडी बंद करून दहा मिनिटांनी तो सुरू आहे का बघा.

५. तंबू एकदा पूर्ण उघडून मिटवा.

६. फोर बाय फोरचा लिव्हर हाय आणि लो दोन्हींत टाकून गाडी दोन-चार मीटर पुढे घ्या.

काचेवरच्या प्रत्येक टवक्याचा, टायरच्या बाजूवरच्या प्रत्येक चिरेचा फोटो काढा आणि तो त्यांच्या कागदावर लिहून घ्या. टाकीत पेट्रोल जातं की डिझेल, हे झाकणावर पाहून ठेवा. पंपावर कर्मचारी इंधन भरतो, सांगायची जबाबदारी आपली.

मार्ग आणि मुक्काम

पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी १३ रात्रींचा हा फेरा आम्ही सुचवू. विंडहुक २, सेसरिएम (सोसुसफ्लेईचं फाटक) २, किनाऱ्यावरचं स्वाकोपमुंड २, कातळचित्रांच्या ट्वाइफेलफोंटेनच्या आसपास २, एटोशा उद्यानातले तळ ओकाउकुएयो २, हलाली १, नामुटोनी १ आणि परत विंडहुक १. एटोशातल्या फेऱ्या धरून एकूण धाव साधारण २५०० किलोमीटर. भरलेली हायलक्स १०० किलोमीटरला ११-१२ लिटर पिते, म्हणजे ३०० लिटर इंधनाचा हिशेब ठेवा.

विंडहुकला दोन रात्री कशाला, असं वाटेल. होसेआ कुटाको विमानतळ शहरापासून ४५ किलोमीटर लांब. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी घ्या, वाणसामान भरा, की दुपारचा एक वाजतोच. त्यानंतर सेसरिएमला निघालात तर शेवटचा टप्पा अंधारात पडतो. नवखे लोक पहिली चूक हीच करतात, आणि ती घरी बसून आखणी करतानाच झालेली असते.

सेसरिएम आणि एटोशातले मुक्काम सरकारी नामिबिया वाइल्डलाइफ रिसॉर्ट्सकडे आहेत. जुलै ते ऑक्टोबरसाठी आठ-दहा महिने आधी आरक्षण करा. आधी हे मुक्काम पक्के करायचे, मग बाकीच्या तारखा त्यांच्याभोवती बसवायच्या. विमानाचं तिकीट त्यानंतर.

खडीवर गाडी चालवणं

इथले रस्ते अक्षरांनी ओळखतात. ‘बी’ बहुतेक डांबरी, ‘सी’ बहुतेक खडीचे, ‘डी’ खडीचेच पण अरुंद आणि बेभरवशाचे. कायद्याने डांबरावर १२० आणि खडीवर १००ची मर्यादा आहे. भाड्याच्या गाड्यांना बऱ्याच कंपन्या खडीवर ८०चं बंधन घालतात आणि गाडीत तसा मागोवा घेणारं यंत्र असतं. ते नसतं तरी ८०च्या वर जाऊ नये. वळणावर ५०-६०.

कारण असं. खडीवर टायर रस्त्याला धरत नाही, तो गोट्यांवर तरंगत असतो. सरळ रस्त्यावर ते जाणवत नाही, गाडी छान पळते, आत्मविश्वास वाढतो. मग वळण येतं किंवा समोर एखादं रानडुक्कर धावतं. चालक करकचून ब्रेक दाबतो किंवा स्टिअरिंग झटक्याने फिरवतो. मागची चाकं बाजूला सरकतात, तो उलट दिशेने जास्तच फिरवतो आणि टपावर तंबू घेतलेली जड गाडी उलटते. म्हणून वळण दिसताच, सरळ असतानाच वेग कमी करायचा, वळणात ब्रेकला हात लावायचा नाही. घसरायला लागली तर पाय गॅसवरून उचलायचा आणि जिकडे जायचंय तिकडे हळुवार वळवायचं. रस्त्याच्या मधोमध आणि कडेला सैल खडीचा बांध साठलेला असतो. आधीच्या गाड्यांच्या चाकोरीत राहा. बांध ओलांडायचाच तर आधी वेग उतरवा.

पत्र्याच्या छपरासारख्या आडव्या वळ्या पडलेला रस्ता लागला की गाडी खिळखिळी होईल असं वाटतं. कुणीतरी सांगतं, वेग वाढव, म्हणजे ती वरून तरंगत जाईल. जाते खरी, पण तरंगणाऱ्या गाडीला ब्रेकही नसतो आणि वळणही. दात वाजले तरी चालतील, ५०-६०नेच जा.

समोरून गाडी येताना डावीकडे सरा, वेग कमी करा. उडालेल्या दगडाने काच तडकते ती दोन्ही गाड्यांच्या वेगाच्या बेरजेमुळे. दिवसाही हेडलाइट लावा, धुरळ्यात तेवढेच दिसतात. एसीचा पंखा बाहेरची हवा घेण्यावर ठेवला तर गाडीत हलका दाब राहतो आणि धूळ फटींतून आत येत नाही. गाडी ओलांडून जाण्यापुरता तो आतल्या हवेवर करा.

आता हवा. भरलेल्या डबल कॅबसाठी ढोबळ आकडे असे: डांबरावर ३५ पीएसआय, खडीवर २८, खोल वाळूत १६. नेमके आकडे कंपनीच्या माणसाला त्या गाडीसाठी विचारून लिहून घ्या. हवा कमी केली की टायर पसरतो, अणकुचीदार दगड त्यात घुसण्याऐवजी टायर दगडाभोवती दबतो. मात्र फार कमी हवेने वेगात गेलात तर टायरच्या बाजू तापून फाटतात, आणि बाजूला पडलेली चीर कुठलाही पंक्चरवाला जोडून देत नाही. हवा सकाळी, टायर गार असताना मोजायची. पळून तापलेल्या टायरमध्ये गेज चार-पाच पीएसआय जास्त दाखवतो. तो आकडा पाहून हवा सोडलीत तर प्रत्यक्षात ती फारच कमी होते.

पंक्चर होणारच असं धरून चाला. गाडी कठीण, सपाट जागी आणा, त्यात खराब टायर आणखी खराब झाला तरी चालेल. त्रिकोण मागे लांब ठेवा, हँडब्रेक, गिअर, तिरक्या कोपऱ्यातल्या चाकाला दोन्हीकडून दगड. चाक जमिनीवर असतानाच सहाही नट अर्धा फेरा सैल करा. मग जॅकखाली फळी ठेवून गाडी उचला आणि काम चाललेलं असताना स्टेपनी गाडीच्या पोटाखाली आडवी सरकवून ठेवा, म्हणजे जॅक निसटला तरी गाडी माणसावर येत नाही. नट समोरासमोरचे एकेक करून आवळा, गाडी खाली घेतल्यावर पुन्हा आवळा आणि ५० किलोमीटरवर थांबून परत एकदा. पुढच्या गावात पंक्चर काढल्याशिवाय तिथून हलायचं नाही. एका स्टेपनीच्या भरवशावर पुढचे २०० किलोमीटर काढणं हा जुगार आहे.

अंधारात गाडी चालवू नका. करारातही ते बसत नाही. संध्याकाळी कुडू रस्त्यावर येतात. दोनशे किलोंच्या वरचं हे हरीण दिवा पाहून बिचकतं आणि थेट काचेवर उडी घेतं.

इंधन, पाणी, जेवण

टाकी अर्ध्यावर आली आणि पंप दिसला की भरायची, हा साधा नियम. विंडहुक, रेहोबोथ, सॉलिटेअर, सेसरिएम, वॉल्विस बे, स्वाकोपमुंड, हेंटीस बे, उइस, खोरिक्सास, आउटयो, एटोशातले तळ आणि त्सुमेब इथे पंप आहेत. पण पंप असणं आणि त्यात इंधन असणं वेगळं. सॉलिटेअरपासून वॉल्विस बेपर्यंतच्या सुमारे २३० किलोमीटरमध्ये काहीच नाही. सॉलिटेअरचा पंप कोरडा निघाला तर सेसरिएमचंच इंधन पुरायला हवं. छोट्या पंपांवर कार्ड यंत्र बंद असतं, रोख ठेवा.

पाणी माणशी रोज पाच लिटर, आणि त्याखेरीज २० लिटर राखीव. ते अडकून पडलात तर लागतं.

शाकाहारी मंडळींनी घाबरून जाऊ नये, पण लॉजच्या जेवणावर विसंबूही नये. हा मांस भाजून खाणाऱ्यांचा देश आहे. विंडहुक आणि स्वाकोपमुंडच्या मोठ्या दुकानांत तांदूळ, मसूर, डब्यातले छोले, बटाटे-कांदे, दही, पाव सगळं मिळतं. वाळवंटातल्या दुकानांत बिस्किटं आणि थंड पेयं. घरून गोडा मसाला, मेतकूट, कोरड्या चटण्या, पोहे, थालीपिठाची भाजणी एवढं न्या, बंद पाकिटात आणि विमानतळावर विचारलं तर सरळ सांगा. एक किलो तांदूळ जाड कापडी पिशवीत शिवून घ्या. एटोशात खिडकीच्या कडेवर ती ठेवून त्यावर कॅमेरा टेकवला की हात हलत नाही, आणि शेवटच्या रात्री तिची खिचडी होते. मांसाहारींसाठी एवढंच की उत्तरेकडून दक्षिणेकडे येताना पशुवैद्यकीय तपासनाक्यावर कच्चं मांस काढून घेतात. जनावरांची साथ पसरू नये म्हणून ही रेषा आहे.

तिकडचे मोठे तीन गोल पिनांचे सॉकेट म्हणजे आपलं गीझरचं मोठं सॉकेटच. घरचा मोठ्या पिनांचा एक एक्स्टेंशन बोर्ड नेला की सगळ्यांचे फोन लागतात. मोबाइलसाठी विमानतळावरच एमटीसीचं सिम घ्या. गावाबाहेर रेंज नसते, नकाशे आधीच उतरवून ठेवा. गुगलने सांगितलेल्या वेळेत खडीच्या रस्त्यासाठी चतुर्थांश भर घाला.

सेसरिएम आणि सोसुसफ्लेई

विंडहुकहून साधारण ३४० किलोमीटर, पाच-साडेपाच तास. स्प्रीट्सहूग्टे घाट देखणा आहे पण फार तीव्र उताराचा. खडीच्या पहिल्याच दिवशी तो नको.

इथे मुक्काम कुठे यावरच पहाट ठरते. दोन फाटकं आहेत. बाहेरचं सूर्योदयाला उघडतं. आतल्या तळावर राहणाऱ्यांना आतलं फाटक तासभर आधी उघडतं. तिथून वाळूच्या टेकड्यांपर्यंत ६० किलोमीटर डांबरी रस्ता आहे. बाहेर राहिलात तर पोचेपर्यंत ऊन वर आलेलं असतं आणि टेकडीच्या एका अंगाची काळी सावली, जिच्यासाठी लोक येतात, ती आखडलेली असते. म्हणून तंबूची जागा का होईना, पण फाटकाच्या आतली घ्या. घाईत वेग वाढवू नका. या रस्त्यावर ओरिक्स हरणं आडवी येतात.

डांबर संपतं तिथे वाहनतळ आहे. पुढचे पाच किलोमीटर खोल वाळू. गाडी फोर बाय फोर असली तरी पहिल्या खेपेला तिथून सुटणारी शटल घ्यावी, असं आमचं मत. रुतलेली गाडी ओढून काढायचा खर्च विम्यात सहसा बसत नाही. स्वतः न्यायचीच असेल तर हवा १६वर आणा, फोर बाय फोर आधीच टाका, दुसऱ्या गिअरमध्ये एकसारखा वेग ठेवा, मध्ये थांबू नका, ब्रेक दाबू नका. रुतलात तर गॅस देऊ नका. फिरणारं चाक स्वतःची कबर खणतं. उतरा, चारही चाकांपुढची आणि पोटाखालची वाळू हातांनी काढा, हवा आणखी दोन-तीन पीएसआय कमी करा आणि आलेल्या चाकोरीतूनच मागे या. परत डांबरावर आलात की लगेच कॉम्प्रेसर लावा. मऊ टायरवर ६० किलोमीटर डांबर म्हणजे नवीन टायरचा खर्च.

शेवटच्या थांब्यापासून डेडफ्लेई हे सुकलेलं तळं साधारण एक किलोमीटर पायी. पांढऱ्या, तडकलेल्या मातीत काळे पडलेले बाभळीच्या जातीचे वठलेले वृक्ष काही शतकांपासून उभे आहेत. हवा इतकी कोरडी की लाकूड कुजलंच नाही. झाडांना हात लावू नका. बूट बंद हवेत, दहानंतर वाळू पाय पोळवते. माणशी दोन लिटर पाणी.

किनारा आणि डमारालँड

सी-१४ने किनाऱ्याकडे जाताना गाउब आणि कुइसेब हे दोन घाट लागतात, आणि मकरवृत्ताची पाटी. सगळे तिथे थांबतात, तुम्हीही थांबाल. पण गाडी रस्त्यावरून पूर्ण खाली घ्या. स्वाकोपमुंडला अटलांटिकच्या थंड प्रवाहामुळे सकाळी दाट धुकं असतं, वाळवंटातून आल्यावर जॅकेट लागतं. किनाऱ्यालगतचे मिठाचे रस्ते कोरडे असताना डांबरासारखे असतात, धुक्यात साबणासारखे. वॉल्विस बेच्या खाजणात रोहित पक्षी आहेत, ठाण्याच्या खाडीत येतात त्याच दोन जातींचे. गाडीचं काम, धुणं, पंक्चर, दुसरा बाजार, हे सगळं इथल्या दोन दिवसांत उरका.

पुढे हेंटीस बे, उइसवरून डमारालँडमधलं ट्वाइफेलफोंटेन. इथली कातळचित्रं २००७पासून जागतिक वारशाच्या यादीत आहेत. वाटाड्याबरोबरच जावं लागतं, आणि सकाळी लवकर जा, कारण दुपारी कातळ भट्टीसारखा तापतो. या भागातल्या कोरड्या नदीपात्रांत हत्ती फिरतात. पात्रात गाडी घालून त्यांचा माग काढणं नवख्यांचं काम नाही, स्थानिक वाटाड्याची गाडी घ्या. रस्त्यावर पाणी वाहत असेल तर उतरायचं नाही, थांबायचं.

एटोशा

१९०७ साली राखीव झालेलं हे उद्यान २२ हजार चौरस किलोमीटरहून मोठं आहे आणि त्याच्या मध्यात सुमारे ४८०० चौरस किलोमीटरचं मिठागरासारखं पांढरं, कोरडं तळं. आउटयोहून अँडरसन फाटकापर्यंत डांबरी रस्ता, साधारण १०० किलोमीटर. फाटकावर नोंद होते, शुल्क माणशी आणि गाडीमागे, रोजच्या हिशेबाने. पावती जपून ठेवा, बाहेर पडताना पाहतात.

ताडोब्याची सवय असलेल्यांना इथे दोन गोष्टी वेगळ्या वाटतील. जिप्सी नाही, गाइड नाही, पाळी नाही. सूर्योदय ते सूर्यास्त गाडी तुमची. आणि वाघाच्या ठशांमागे धावण्याऐवजी एका जागी बसून राहायचं. मर्यादा ताशी ६०ची आहे, पण ६०ने काहीच दिसत नाही, ३०-४०ने चला. दिवसात १२० किलोमीटरच्या वर गाडी फिरली असेल तर तुमचा दिवस चाकांवरच गेला.

ओकाउकुएयोपासून सुरुवात करा, कारण तिथून नेब्राउनी, गेम्सबोकफ्लाक्टे, ओलिफंट्सबाद हे पाणवठे जवळजवळ आहेत. पहाटे फाटक उघडताच उत्तरेला ओकोंडेकाकडे जा, तिथे सिंहांची शक्यता चांगली. नऊनंतर झेब्रे, स्प्रिंगबोक, ओरिक्स यांच्या रांगा लागतात. हत्तींचे कळप दुपारी येतात, म्हणजे बहुतेक लोक तळावर झोपलेले असतात तेव्हा. पाणवठ्याशी गाडी अशी लावा की सूर्य पाठीशी असेल आणि मागे निघायला जागा राहील. इंजिन बंद. मग किमान ४० मिनिटं बसा. पाणवठा रिकामा दिसला म्हणून लगेच निघू नका. जिराफ बराच वेळ लांब उभं राहून अंदाज घेतं, मग दोन्ही पाय फाकवून एकदाचं वाकतं. म्हैस आणि पाणघोडा मात्र इथे नाहीत, शोधू नका.

कुंपण घातलेल्या विश्रांतीच्या जागा सोडून कुठेही गाडीतून उतरायचं नाही, छतातून डोकंही बाहेर काढायचं नाही. त्या जागांची फाटकं कधी मोडलेली असतात, दार उघडण्याआधी चहूकडे पाहून घ्या. हत्ती रस्त्यावर असेल तर तो जाईपर्यंत थांबा. कान पसरून तो तुमच्याकडे वळला, डोकं झटकलं, तर हळूहळू मागे या. हॉर्न नको, इंजिन गुरगुरवणं नको.

तळाचं फाटक सूर्यास्ताला बंद होतं, वेळ तिथल्या घड्याळाच्या पाटीवर लिहिलेली असते. ४० किलोमीटरवर असाल तर दीड तास आधी परतीला लागा. वाटेत हत्ती आडवा आला तर अर्धा तास जातो, आणि उशिराचं कारण म्हणून तो कुणी ऐकून घेत नाही.

ओकाउकुएयोचं खरं वैभव रात्री. तळाच्या भिंतीलगत दिव्यांच्या उजेडातला पाणवठा आहे. आठच्या सुमारास गरम कपडे, थर्मास घेऊन बाकावर बसा. काळे गेंडे अंधारातून येतात, आवाज न करता. पाण्यात त्यांचं उलटं प्रतिबिंब दिसतं आणि मग पिण्याचा आवाज येतो. इथे बोलायचं नाही, टॉर्च लावायचा नाही. हलालीतही असा पाणवठा आहे, टेकाडावरून पाहायचा. पण तिथे कचऱ्याची पिशवी तंबूबाहेर ठेवू नका. हनी बॅजर नावाचा बिज्जू रात्री येतो, डब्यांची झाकणं उघडतो आणि माणसाला मुळीच घाबरत नाही. अन्न सगळं गाडीत, काचा वर.

नामुटोनीहून विंडहुक ५३० किलोमीटर, पण पूर्ण डांबरी. सात वाजता निघा, त्सुमेबला हवा ३५वर करून घ्या. एवढे दिवस २८वर चालवलेल्या टायरने १२०चा वेग गाठू नका. गाडी परत देण्याच्या आदल्या दिवशी ती धुऊन घ्या. धुळीखाली लपलेला टवका तुम्हाला आधी दिसला, तर करारातल्या तुमच्या फोटोंशी तो ताडून पाहता येतो.